चौथा रकाना

पिंपळनेरच्या मंडळीचं रजिस्टर माझ्याकडे असतं.
लाल कापडी पाठ, सहा रकाने,
चौथा : बाप्तिस्म्याची तारीख.
सुपडाबाई मालचेच्या ओळीत
तो कोरा आहे.

फेब्रुवारीत तिनं नाव दिलं
तेव्हाच पांझरेत वाळूचे ट्रॅक्टर उतरले होते.
एक डबकं उरलेलं गुडघाभर, त्यात म्हशी.
पाळक कुवर म्हणाले, माणूस पुरता बुडायला हवा,
लाटीपाड्याचं आवर्तन सुटू द्या.
दर रविवारी ती विचारायची,
"मास्तर, नदीले पानी ऊनं का?"
आणि मी पाटबंधारे खात्याच्या शिपायासारखा
नुसती मान हलवायचो.

मधल्या काळात तिनं एक काम केलं.
जेठानीशी, धुडकाबाईशी, अकरा वर्षं बोलणं नव्हतं,
विहिरीच्या दोरावरून.
दोर सुपडाबाईचा. जेठानीची भरली बादली
तिनं अर्ध्यावरून सोडून दिली होती,
भर उन्हात, दारात पाहुणे असताना.
त्या चैत्रात एका पहाटे ती
नवा नायलॉनचा दोर घेऊन गेली,
जेठानीच्या उंबऱ्यावर ठेवला
आणि दार उघडेपर्यंत
तिथंच बसून राहिली.
मला सांगताना तोंडाला पदर लावून हसली,
"मना जलम ते व्हई गया, मास्तर.
आते नुसती आंघोय बाकी शे."

आवर्तनाला तीन दिवस असताना
काविळीनं गेली.

पंच तिच्याच ओट्यावर बसले.
ख्रिस्ती माती द्यायची, तर कोणत्या आधारावर?
दाऊद सोनवणे म्हणाला, पाणी आणि आत्मा, दोन्ही;
रात्री लपून आलेल्या त्या शास्त्र्याला
प्रभूनंच सांगितलं.
त्यातला 'आणि' काही उगाच नाही.
मार्थाबाई म्हणाल्या, मग शेजारच्या खांबावरच्या चोराला
कुणी कोणत्या नदीवर नेलं?
हात तर खिळलेले.
तो अपवाद, दाऊद म्हणाला.
ज्या दाराला अपवाद, त्याच्या कुलपाची
एवढी काळजी कशाला, त्या म्हणाल्या.
पाळक कधीचे गप्प होते.
मग हळूच म्हणाले, प्रभू स्वतः पाण्यात उतरला,
आणि त्याच्यात तर धुण्यासारखं काहीच नव्हतं.
हे मला अजून उमगलेलं नाही.
इतकं खरं ते व्यासपीठावरून
कधी बोलले नव्हते.

तोवर आत धुडकाबाई
तिला शेवटची आंघोळ घालत होती.
धुडकाबाई आमच्यातली नव्हे, कानबाई बसवते.
नव्या दोरानं तिनं सात बादल्या ओढल्या होत्या
आणि कुणाच्याच नावानं न ओतता
ओतत होती.
पाणी उंबरा ओलांडून
पंचांच्या पायांपर्यंत आलं.
दाऊदनं पाय वर उचलले.
मग, कुणी बघत नाही असं पाहून,
परत ठेवले.

शुक्रवारी नदी आली.
चौघांचा बाप्तिस्मा झाला, मी टॉवेल धरून उभा.
पाण्याखालून वर येतानाचा तो पहिला श्वास,
बाळंतिणीच्या खोलीतून यावा तसा,
मला दरवेळी रडवतो.
पाणी नको, असं मी कधीच म्हणणार नाही.

माझी स्वतःची तारीख पक्की आहे.
नाशिककडची जुनी मंडळी आमची,
नऊ महिन्यांचा मी, आईच्या कडेवर,
कपाळावर तीन थेंब, वडिलांनी पेढे वाटले.
कुवर म्हणतात, चालेल,
पण म्हणताना दुसरीकडे बघतात.
तारीख आहे.
कुणाच्या उंबऱ्यावर मी
दोर घेऊन बसलेलो
मात्र आठवत नाही.

काल पेनात शाई भरली,
तिच्या ओळीवर बोट ठेवलं.
चैत्रातली ती पहाट
कोणत्या वारची होती,
धुडकाबाईला विचारायला हवं.